कुत्र्याला लेकरू मानलं की नेमकं कुणाचं काय होतं?

तेरणाकाठची

माझे आई-बाबा अंबाजोगाईला असतात. घरात शेरू आहे, पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर. भाऊ नोकरीला बंगळूरला गेला तेव्हा त्यानेच आणून दिला, "तुम्हाला सोबत होईल" म्हणून. सोबत झाली, हे आधीच सांगते. बाबांची संध्याकाळची चक्कर त्याच्यामुळे सुरू झाली आणि घरात बोलणंचालणं वाढलं. पण आता जरा अतीच व्हायला लागलंय.

आई त्याला "बाळ" म्हणते, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही. सकाळी चहात बुडवून ग्लुकोजची बिस्किटं. दुपारी वरणभात, वर साजूक तुपाची धार, आणि तो घास घास भरवायचा, कारण "तो एकटा जेवत नाही". रोज आंघोळ, मग अंगभर पावडर, कपाळावर काळा टिक्का. अमावस्येला मीठ-मोहरीने दृष्टसुद्धा काढते. वजन ४६ किलो झालंय. जिना चढताना मध्येच बसतो. मावसबहिणीच्या लग्नाला आई नांदेडला गेली नाही, "त्याला कुणाच्या भरवशावर टाकू?" बाबांची वारी चुकायला लागली.

मी काही बोलले की ऐकवतात, "तू सासरी, तो बंगळूरला. आमच्याजवळ हाच आहे." यावर काय बोलणार?

कुत्रं पाळावं की नाही हा वाद मला नकोय. पोटच्या पोरासारखं वागवल्याने कुत्र्याचं काय होतं आणि घरातल्या माणसांचं काय होतं, हे अनुभव असणाऱ्यांनी सांगावं.

आखाड्यावरचा

ताई, राग नका मानू, पण कुत्र्याला कुत्रं राहू द्या. आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मोत्या आहे. सकाळी भाकरी-ताक, रात्री उरलेलं कालवण. दिवसभर बांधानं हिंडतो, रात्री रानडुकराच्या मागं पळतो. त्याला ना पावडर ना टिक्का. आता शहरात बघावं तर कुत्रं एसीत झोपायलंय अन् म्हातारा गच्चीवर. कामून एवढे लाड?

धपाटे_दही

+१. आमच्या कॉलनीत एका पिल्लाचं बारसं झालं. पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. आत्याबाई कानात नाव सांगायला वाकल्या तर त्याने त्यांचं कानातलं ओढलं.

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, उदगीरच्या कॉलेजात शिकलो. आमच्याकडे आता म्हशींच्या जोडीला असे शेरू खूप येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं वजन. लॅब्रॅडॉर नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असावं. ४६ म्हणजे रोज पाठीवर सिमेंटचं पाव पोतं घेऊन फिरणं. जिन्यात बसतो तो आळसाने नाही, सांध्यांमुळे किंवा धाप लागते म्हणून. बरगड्यांवरून हात फिरवून बघा. दाबावं न लागता बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून बघितलं तर पोटापाशी कंबर दिसली पाहिजे. शेरूला कंबर असेल असं वाटत नाही.

यात एक गोम आहे. लॅब्रॅडॉर ही जातच खादाड. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे पाव हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. तो केविलवाण्या डोळ्यांनी बघतो तेव्हा आईंना वाटतं लेकरू उपाशी आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर आयुष्यभर चाललेला एक प्रयोग आहे, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. आईंना सांगायचंच असेल तर हे सांगा. तुपाची धार त्याच्या वयातून वजा होते.

दुसरं औषधं, आणि हे जास्त धोक्याचं. कुत्र्याचं साधं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला त्याचं अंग कायम कोमट लागतं. "बाळाचं अंग गरम लागतंय" म्हणून घरातलं लहान मुलांचं तापाचं औषध पाजलेली कुत्री माझ्याकडे येतात. पॅरासिटामॉल अंदाजाने देऊ नका, लिव्हरवर जातं. आयब्युप्रोफेन तर अजिबातच नाही, पोटात अल्सर होतात, किडनी जाते. माणसाच्या लेकराचा डोस वजनावर बसवून कुत्र्याला चालत नाही, शरीरच वेगळं आहे.

खाण्यात चॉकलेट, मनुका-द्राक्षं, कांदा-लसूण टाळा. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी. म्हणजे आपलं फोडणीचं वरण आणि वाढदिवसाचा चॉकलेट केक दोन्ही बाद. शिऱ्यातले मनुके विसरू नका.

आखाड्यावरचा

डॉक्टर, मग आमची ज्वारीची भाकरी पण बाद का?

गुरांचा_डॉक्टर

नाही. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्ट पदार्थ चांगले पचतात, त्याच्या जनुकांतच तो बदल झालाय. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ते दाखवलं. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगल्याचा परिणाम. भाकरी पचते, पण नुसत्या भाकरीवर त्याचं भागत नाही. अंडं, शिजवलेलं मांस, काहीतरी प्रथिनं हवीतच. तुमचा मोत्या अधूनमधून उंदीर-घूस मारून ती कसर भरून काढत असेल. आणि त्याला पोटभर पळायला मिळतं. शेरूचं दुखणं तिथेच आहे, खाणं आखाड्यावरच्यासारखं भरपूर आणि पळणं सोफ्यापासून ओसरीपर्यंत. बाय द वे, कालवणात कांदा असतोच, ते तेवढं बंद करा.

निशिगंधा_परभणी

आखाड्यावरचे दादा, "कामून एवढे लाड" याचं उत्तर मी देते.

लग्नाला बरीच वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. सगळे उपाय झाले, डॉक्टर झाले, नवससायास झाले. हळदीकुंकवाला कोण बोलावतं आणि कोण टाळतं हे मला तोंडपाठ आहे. ओटी भरताना हात अडखळलेला मी बघितलाय. आमची चिंगी आली, गावठीच आहे, रस्त्यावरून उचललेली. तिने कधी विचारलं नाही "काय मग, काही गोड बातमी?" मी तिला लेकरू म्हणते आणि म्हणणार.

आणि ही नुसती भावना नाही. २०१४ मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या संशोधकांनी आयांना स्वतःच्या मुलाचे आणि स्वतःच्या कुत्र्याचे फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. माया, जिव्हाळा यांच्याशी संबंधित बरेच भाग दोन्ही वेळा सारखेच उजळले. सगळे नाही, फरकही होते. दुसऱ्याच वर्षी जपानमध्ये दिसलं की कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन, म्हणजे मायेशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं. आई आणि तान्हं बाळ यांच्यात जे होतं तेच. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. मग मी चिंगीला बाळ म्हटलं तर कुणाचं काय बिघडलं?

ताई, तुमच्या आईचं वजनाचं आणि औषधाचं जरूर बघा. पण "कुत्र्याला कुत्र्यासारखं वागव" असं त्यांना म्हणू नका. आपल्याकडे कुत्र्यासारखं वागवणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

आखाड्यावरचा

ताई, माझं बोलणं तुमच्यासाठी नव्हतं. चिंगीला जपा.

दोन_शेपट्या

मी संभाजीनगरला कुत्र्यांना शिकवायचं काम करते. म्हणजे खरं तर माणसांना शिकवते, कुत्री लवकर शिकतात.

निशिगंधाताईंशी मी सहमत आहे, जीव लावण्याने कुत्रं बिघडत नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी १९९८ मध्ये लहान मुलांसाठीची एक चाचणी कुत्र्यांवर केली. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, मालक जातो आणि परत येतो. बरीच कुत्री मालकाशी अगदी लेकरासारखीच वागली. मालक असला की खोलीभर हुंगत फिरायचं, गेला की दाराशी. म्हणजे त्यांच्या बाजूनेही ते नातं आईबापांचंच आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. लोक कुत्र्याला लेकरू म्हणतात आणि लेकराला लावतात ती शिस्त मात्र लावत नाहीत! स्वतःच्या पोराने पाहुण्यांच्या ताटात हात घातला तर आपण डोळे वटारतो. कुत्र्याने घातला तर "अगं बाई, भूक लागली का पिल्लाला".

एका घराचं सांगते. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एक पॉमेरेनियन. लहानपणापासून कडेवर. रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसलं की उचलून घ्यायचं, कुणी पाहुणा आला की बेडरूममध्ये न्यायचं. पिल्लू तीन आठवड्यांचं असल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जग कसं आहे ते शिकतं. आवाज, माणसं, गाड्या, इतर कुत्री. त्या काळात याने फक्त मालकिणीचा खांदा बघितला. आता ते तीन वर्षांचं आहे. मालकीण पलंगावर असताना कुणी शेजारी बसलं की ते ओठ वर करतं, अंग ताठ, शेपूट स्थिर, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसायला लागतो. घरचे म्हणतात, "किती पझेसिव्ह आहे बघा, आईला कुणाला हात लावू देत नाही." कौतुकाने! मग भाच्याच्या हाताला दात लागले. ते प्रेम नव्हतं, भीती होती.

(आणि कृपा करून, घरच्या लसीकरण झालेल्या कुत्र्याचे दात लागले तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. "आपलंच बाळ आहे" म्हणून हळद दाबून बसू नका.)

अजून एक. "त्याला सगळं कळतं, चूक केली की मान खाली घालतो" हे प्रत्येक घरात ऐकते. न्यूयॉर्कच्या ॲलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. मालक रागावला की कुत्री ओशाळा चेहरा करतात, चूक केलेली असो वा नसो. तो चेहरा तुमच्या आवाजाला घाबरून आलेला असतो. लेकराला आपण "का केलंस?" विचारू शकतो, कुत्र्याला तासाभराने फाटकी उशी दाखवून रागावलं तर त्याला एवढंच कळतं की आईचा काही भरवसा नाही.

तेरणाकाठची, "तो एकटा जेवत नाही" हेही शिकवलेलंच आहे. ताट ठेवायचं, १५-२० मिनिटांनी शांतपणे उचलायचं, पुढच्या वेळेला परत. धडधाकट कुत्रं उपाशी मरत नाही. तब्येत मात्र आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

सातवा_मजला

विषय थोडा बाजूला जाईल, पण धागा वाचून राहवलं नाही.

आमचे वडील शिक्षक होते. आम्हा भावंडांना त्यांनी कधी जवळ घेतलेलं आठवत नाही. दहावीचा निकाल सांगायला गेलो तर पेपरातून मान वर न करता "ठीक" म्हणाले. त्या काळी आमच्याकडे बाप असेच असायचे, तक्रार नाही. आता निवृत्त झाल्यावर घरी एक बीगल आलंय. परवा गेलो तर वडील बाजेवर आडवे, ते पोटावर झोपलेलं, आणि वडील त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटतायत. मला बघून गडबडीने उठून बसले. बायको हसली. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर मत्सर वाटला, या वयात, कुत्र्याचा.

नंतर माझ्या मुलीला त्यांनी तसंच मांडीवर ओढलं. हा कुत्र्याचा परिणाम की वयाचा, कोण जाणे. पण परिणामांची यादी करताना हाही धरा.

धपाटे_दही

सातवा_मजला, आमच्याकडेही हेच. अप्पा कुत्र्याला "जेवलास का रे?" विचारतात. मला ४० वर्षांत विचारलं नाही.

नर्सीकर

सगळे इथे बॉस्टन, बुडापेस्ट करतायत. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांचं कुणी नाव घेत नाही. कुत्र्याने पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागे धावले, "कोरडी खाऊ नको, तूप लावून देतो" म्हणत. भूतमात्राला आपलं मानायची परंपरा मराठवाड्याला शिकवायला नको. खंडोबाचं कुत्रं आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत. माळेगावच्या यात्रेत घोडे-गाढवांसोबत कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं.

गुरांचा_डॉक्टर

नर्सीकर, नामदेवांपुढे आम्ही काय बोलणार. पण त्या कुत्र्याला ती पोळी वर्षातून एकदा मिळाली असेल. रोज तूप मिळालं असतं तर स्वादुपिंडाला सूज येऊन माझ्याकडे यावं लागलं असतं, उलट्या करत. 😀

पश्मी

लातूरकर. आमच्या जिल्ह्यातलं जानवळ कारवानी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, सगळ्यांना माहीत असेलच. लांब पाय, आत गेलेलं पोट, ससा दिसला की सुटलेला बाण. पूर्वी ही कुत्री शेतकऱ्याकडे, धनगराकडेच दिसायची. आता रीलमध्ये बघून लोक फ्लॅटमध्ये नेतात. मग तक्रार, "किती वाळलाय, काही अंगाला लागत नाही." अहो, ते असंच असतं! त्याला पेढे चारून गुबगुबीत करायला निघालेले लोक बघितलेत मी. बाळसं यायला ते बाळ आहे का?

आणि उलट्या टोकाला हस्की, बर्फाळ मुलखातलं दाट केसांचं कुत्रं. नांदेड-परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ला जातो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांतून, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्यात पग, शिह त्झू असल्या बसक्या नाकाच्यांना धापाही धड टाकता येत नाहीत. आणि त्यांना काय घालतात, तर फ्रॉक. कपडे, बूट, गॉगल घालून दुपारी चारला डांबरी रस्त्यावर "बाळाला फिरवायला". आधी स्वतःचा हात उपडा करून त्या डांबरावर टेकवा. पाच-सात सेकंद टेकवला नाही तर त्याच्या पायाला पण भाजतंय.

रोजच्या आंघोळीचं वाचून तर २०१६ आठवलं. मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं लातूरला, आम्ही घागरी मोजून वापरायचो. कुत्र्याला रोज आंघोळ लागत नाही, उलट कातडी कोरडी पडते. माणसांचा शाम्पू तर नकोच. पावडर चाटली जाते, नाकात जाते. टिक्का चालेल, तो निरुपद्रवी आहे.

मोगरा_अंगणी

माणसांवर होणाऱ्या परिणामांबद्दल लिहिते. माझ्या सासूबाई अशाच अडकल्या होत्या. डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत राहिल्या, कारण "टॉमीला कोण बघेल". शेवटी नणंदेने एक युक्ती केली. ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून ती रोज संध्याकाळी टॉमीला तासभर स्वतःच्या घरी न्यायला लागली. आधी तासभर, मग संध्याकाळभर, मग एक रात्र. टॉमीला काही झालं नाही. रडल्या त्या सासूबाई. पण दवाखान्यात गेल्या.

टॉमी गेला तेव्हाचंही सांगते. त्यांना दुखवट्याला कुणी आलं नाही. कुत्र्यासाठी कोण येतं? त्यांचं दुःख मात्र तेवढंच होतं, आणि बोलायची चोरी. लेकरू म्हणून वाढवलं की ते १०-१२ वर्षांत आपल्या आधी जाणार, याची तयारी कुणी करून देत नाही. आम्ही परसात पेरूखाली पुरलं आणि शेजारच्या दोन बायकांना मुद्दाम चहाला बोलावलं.

तेरणाकाठची

सगळ्यांचे आभार. निशिगंधाताई, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. "बघ, त्या परभणीच्या बाईला कळतं" म्हणाली. त्याच्या जोरावर डॉक्टरांचं औषधाचं आणि दोन वर्षांचं सांगून टाकलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तूप बंद करते. पण बिस्किट मागायला तो पाय पुढे करतो, त्याला काय सांगू?"

तर आता प्रश्न असा की बिस्किटाच्या जागी काय द्यावं? आणि मोगरा, संध्याकाळी तासभर न्यायची कल्पना आवडली. बाबांचे एक मित्र आहेत शेजारच्या गल्लीत, त्यांना विचारते. आषाढीला वेळ आहे अजून.

गुरांचा_डॉक्टर

काकडी, गाजर, दुधीच्या फोडी. नखाएवढा तुकडा. त्याला चवीपेक्षा आईंच्या हातातून मिळण्याचं अप्रूप आहे. पाय पुढे करू दे, फोड द्या. दिवसाचं सगळं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढून ठेवायला सांगा, भरवायचं असेल तर त्या डब्यातलंच भरवा, डबा रिकामा झाला की दिवस संपला. वजन एकदम उतरवू नका, महिन्याला किलो-दीड किलो पुरे. त्याआधी थायरॉइडची रक्ततपासणी आणि पायांचा एक्स-रे करून घ्या. जवळपास सोय नसेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दवाखाना आहे. जिना तूर्त टाळा, चालणं सकाळी सहाच्या आत.

दोन_शेपट्या

आणि फोड देण्याआधी "बस" म्हणायचं. बसला की मिळणार. आईंना सांगा, शाळेत घातलंय म्हणून.

आखाड्यावरचा

डॉक्टर, धाग्यावर आहात तर विचारतो. मोत्याच्या कानात अन् बोटांच्या बेचक्यात गोचीड लई झालेत. कालपासून भाकरी पण अर्धी टाकायलाय. बैलांवर मारायचं औषध आहे घरात, तेच पाण्यात कालवून फासू का?

गुरांचा_डॉक्टर

फासू नका! गुरांचं औषध अंदाजाने फासून विषबाधा झालेली कुत्री बघितलीत. खाणं टाकलंय म्हणता, म्हणजे गोचीड तापाची शंका आहे. हिरड्या बघा, पांढुरक्या दिसतात का, आणि लघवी गडद होते का. उद्या सकाळीच रक्त तपासायला घेऊन या. तोवर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. रॉकेल वगैरे लावू नका.

आखाड्यावरचा

हिरड्या पांढऱ्याच दिसायल्यात. सकाळी निघतो. मोटरसायकलवर बसत नाही तो, गाडी बघतो कुणाची तरी.

निशिगंधा_परभणी

दादा, तुम्ही परभणीकडचेच दिसता. आमची गाडी आहे. व्यक्तिगत निरोप पाठवते, पत्ता कळवा.